गंगीची कानडी

गंगी देवणी जातीची गाय होती आणि तिला कानडी येत होतं. हे मी थट्टेनं म्हणत नाही. माझी बायको नीलम्मा बिदरकडची. लग्नानंतर माहेरून ती गंगीला घेऊन आली, तेव्हा गंगी वासरू होती. पुढं धार काढताना नीलम्मा तिच्याशी जे बोलायची, ते सगळं कानडीत. भावाची आठवण, शेजारणीची भांडणं, माझा तापटपणा. गंगी डोळे अर्धे मिटून ऐकायची आणि बादली फेसानं भरायची.

बिघडवलं ते मी. लातूर जिल्हा झाला आणि उदगीरहून माझी बदली नव्या कचेरीत झाली. टेबलं नवी, शिक्के नवे, आणि कारकुनाची ऐट तर विचारूच नका. एक दिवस पुण्याकडचे साहेब घरी चहाला आले. परसात नीलम्माचं गंगीशी चाललेलं बोलणं ऐकून म्हणाले, "अण्णाराव, तुम्ही मूळचे तिकडचे का?"

तिकडचे! ज्या जिल्ह्याची पाटी माझ्या डोळ्यांदेखत रंगली, त्या जिल्ह्यात मी तिकडचा! माझ्या आज्याची समाधी उदगीरला आहे. पण साहेबांपुढं तोंड उघडलं नाही. ते गेल्यावर सगळा राग नीलम्मावर काढला. "आजपासनं ह्या घरात मराठीच बोलायचं. गाईशीसुद्धा."

ती "बरं" म्हणाली. मराठीतच म्हणाली.

पुढच्या साली पाऊस फिरकलाच नाही. लातूरवर दिवसभर पांढरा उजेड साचून राहायचा. धूळ खाली बसायची नाही, आणि टँकरमागून घागरी घेऊन जाणाऱ्या बाया झोपेत चालल्यासारख्या संथ दिसायच्या. आमचं घरही तसंच झालं होतं. नीलम्मा धारेला बसायची आणि गप्प राहायची. गाईशी मराठीत काय बोलावं, तिला सुचायचं नाही. माझ्याशी बोलणं तर "जेवायला वाढलंय" आणि "पाणी संपलंय" एवढ्यावर आलं होतं.

गंगी पान्हा चोरू लागली. आधी बादली अर्धी झाली, मग तांब्यावर आली, मग तेही बंद.

मी तिला मराठीत समजावून पाहिलं. शेजारचा दस्तगीर फुटक्या बादल्यांना डाग द्यायचा. तो म्हणाला, "तुमची बोली कडक हाय, अण्णाराव. आमची गोड हाय, बघा." आणि "आजा मेरी मां" म्हणत त्यानं कासेला हात लावला. गंगीनं लाथेसरशी बादली भिंतीवर उडवली. त्या बादलीला डाग द्यायचं कामही त्याच्याच गळ्यात पडलं.

कडबा कुठं मिळेना. घरात येईल त्यातलं निम्मं पाणी गंगीला लागायचं. शेवटी बाजारातल्या हणमंतराव दलालांशी बोलणं झालं, सोमवारी सकाळी येऊन ते गंगीला नेणार होते. मी नीलम्माला सांगितलं. ती पुन्हा "बरं" म्हणाली. रडली असती, भांडली असती तर मला चाललं असतं. त्या "बरं"ची मात्र मला भीती वाटली.

रविवारी दुपारी डोळा लागला. झोपेत आई आली. तिला जाऊन वीस वर्षं झाली होती. ती चुलीजवळून मला जेवायला हाका मारत होती, कानडीत, लहानपणी मारायची तशा. मला शब्द न् शब्द कळत होता. जाग आली तरी तो आवाज कानात होता, आणि माझी उशी ओली झाली होती.

तसाच अनवाणी परसात गेलो. जमीन भाजत होती. गंगीच्या बरगड्या मोजता येत होत्या. कुणी ऐकत तर नाही ना, म्हणून मी आधी इकडंतिकडं पाहिलं, खोटं कशाला बोलू? मग तिच्या मानेवर हात ठेवला आणि अडखळत कानडीत विचारलं, "नन्न म्याल सिट्ट अद येनव्वा?" माझ्यावर रागावलीयस का गं?

गंगीनं एक कान हलवला. माशीही बसली असेल.

"अद," मागून आवाज आला. "भाळ अद."

आहे. खूप आहे. दारात नीलम्मा उभी होती. त्या आवाजाला मी किती मुकलो होतो, ते तो ऐकल्यावर कळलं. मी गाईला विचारत होतो, असं म्हणायची माझी छाती झाली नाही. तसंच मोडक्यातोडक्या कानडीत म्हणालो, "मग कधी बोलली का नाहीस?"

"कोणत्या भाषेत बोलू?" तिनं कानडीतच विचारलं.

ती येऊन गंगीच्या पोटाला टेकून बसली, सवयीनं कासेला हात लावला आणि बोलू लागली. दिवे लागेपर्यंत बोलत होती. ओंजळभर दूधही निघालं. ते भाषेनं आलं की तिचा हात सैल झाल्यानं, हे मला आजही सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी हणमंतरावांना मी दारातूनच परत पाठवलं, ते चिडून गेले.

रविवारच्या त्या बोलण्यातून मला कळलं की नीलम्माच्या भावाला मुलगा झाला होता. श्रावणात तीन दिवस ती तापानं फणफणली होती, आणि मी त्याच घरात झोपत होतो. एरवी तिनं हे निदान गंगीला तरी सांगितलं असतं.