त्येवढं एक नाव

आमच्या ह्यांनी लग्नात माझं नाव घेतलंच न्हाई. नणंदा उंबऱ्यात आडव्या झाल्या, "नाव घ्या, मगच आत या" म्हणाल्या, तर हे कानापर्यंत लाल! "मागनं घेतो" म्हणून सुटले. ते मागनं कधी आलंच न्हाई. साताऱ्यात साप्ताहिक काढायचे, सरकारला न भिता रकानेच्या रकाने लिहायचे, पर बायकूला "मनू" म्हणायचं तर दातखीळ बसायची. सारा संसार "अगं"वर चालला. माझा जीव मात्र त्येवढ्यासाठी तरसायचा बघा.

त्रेचाळीस साली भूमिगत पोरं धरायला फौजदार माझ्या माहेरात घुसला. पोरं गावली न्हाईत, म्हणून मेल्यानं बाप्यांना चावडीपुढं गुरासारखं बडवलं. आमच्या शेजारच्या बनुबाईच्या दादल्याचा हात मोडला. मी माहेरी गेले तवा तिनंच मला विहिरीवर रडत सांगितलं. परत आल्यावर ह्यांना भाकरी वाढता वाढता मी सगळं बोलले, आन् पुढच्याच अंकात ते छापून आलं.

कचेरीतल्या गोऱ्या सायबानं ह्यांना बोलावलं. "बातमी कुणी दिली? एक नाव सांग आन् घरी जा."

"विश्वासानं सांगितलेलं हाय. नाव मिळायचं न्हाई."

"पेपरवाल्याला कायद्यात तशी सवलत न्हाई," म्हणून सायबानं तुरुंगात टाकलं. छापखान्याला टाळं ठोकलं. काय माझं नशीब! मला जे नाव ऐकायचं व्हतं, तेच सायबालाबी पायजे व्हतं.

मी सांगलीला भावाकडं राहायला गेले. रोज ह्यांच्या वाटणीच्या भाकरी थापून व्हायच्या आन् मग रडू फुटायचं. ह्यांच्यावाचून घास उतरत नव्हता. शेवटी म्हटलं, मरू दे, आपणच जाऊन सांगू. सर्व्हिस मोटार धरून सातारा गाठलं.

गजाआड हे निम्मे झाले व्हते. पहाऱ्यावरचा शिपाई बिडी पेटवायला वळला, तशी मी कुजबुजले, "आवं, मी सायबाकडं चाललेय. मीच सांगितलं म्हणते. तुमाला सोडतील."

"आन् तुला कुणी सांगितलं, असं विचारलं तर?"

बनुबाई डोळ्यांपुढं आली, तिच्या दादल्याचा तो लोंबता हात आला. आता फौजदार परत गेला तर त्या घरात काय उरंल?

"न्हाई सांगायची," मी म्हटलं. डोळ्यांतनं पाणी थांबंना.

हे हसले. गजातनं माझा हात घट्ट धरला. "घरी आल्यावर घेतो."

"काय?"

"नाव. उंबऱ्यात. तू अडव मला."

शिपाई खेकसला. वेळ संपली व्हती.

त्याला आता वरीस झालं. भाकरी अजून जादाच होत्यात. दारात पाऊल वाजलं की मी पिठाच्या हातानं उठते, उंबऱ्यात आडवी उभी राहते. भाऊच असतो. मग बाजूला सरून त्येला वाट देते.