अलार्म कोण बंद करतंय?

सायरन वाजला तेव्हा आबा हॉलमधल्या आरशासमोर दाढी करत होते. ते दचकले आणि रेझर हनुवटीत घुसलं. तेजस्वी मिक्सर तसाच सोडून स्वयंपाकघरातून धावत आली, तोवर साबणाचा फेस लाल व्हायला लागला होता. आबांचा दुसरा हात छातीवर गेलेला. आधी त्यांच्याकडे धावावं की भिंतीवरच्या अलार्मच्या डब्याकडे, हेच तिला क्षणभर कळेना. शेवटी तिनं किल्ल्यांच्या जुडग्यातला रिमोट चाचपला आणि बटण दाबलं. सायरन थांबला. कानातला आवाज मात्र कितीतरी वेळ थांबेना.

“काय न्हाय, काय न्हाय,” आबा म्हणाले, पण आवाज कापत होता. “खरचटलंय नुसतं. तू त्या मशीनकडं बघ.”

मशीनकडे काय बघायचं, हेच तर तिला उमजत नव्हतं. बावड्याच्या या नव्या कॉलनीत दिवाळीनंतर दोन घरं फुटली होती, तीही भर दुपारी. तिचा नवरा विश्वजित मस्कतला नोकरीला. घरात ती आणि बायपास झालेले सासरे विजयसिंह, म्हणजे आबा. म्हणून सुट्टीवर आला तेव्हा विश्वजितनं ही अलार्म सिस्टिम बसवून घेतली होती. पुढच्या-मागच्या दाराला चुंबकाचे सेन्सर, हॉलच्या कोपऱ्यात माणसाची हालचाल टिपणारा एक डोळा, भिंतीवर पॅनेल, आणि सगळं बिनतारी. बाहेर जाताना रिमोटनं चालू करायचं, परत आलं की बंद करायचं. त्याच्या मोबाइलवर तिकडं मस्कतला सगळं दिसायचं.

तो गेला आणि मशीन बिघडली. म्हणजे तेजस्वीला तरी तसंच वाटलं. घरात माणसं वावरत असताना सायरन बोंबलायचा. पहिल्यांदा वाजला तेव्हा शेजारची चार माणसं काठ्या घेऊन आली. नंतर नंतर कुणी खिडकीसुद्धा उघडेना. याचीच तिला जास्त भीती वाटायला लागली. उद्या खरोखर कुणी शिरलं तर?

तिनं कंपनीला फोन लावला. तिकडून एक बाई शांतपणे सांगायची, “मॅडम, सेन्सरसमोर पाल असेल.” तेजस्वीनं स्टुलावर चढून कोपरा पुसला. मग “बॅटरी बदलून बघा.” तिनं सगळ्या बॅटऱ्या बदलल्या. मग ऊन पडत असेल, पंख्यानं पडदा हलत असेल, चुंबकातलं अंतर वाढलं असेल. पडदे काढले. मागच्या दाराचा सेन्सर उकरून पुन्हा चिकटवला. एवढं करून दोन दिवस शांततेत गेले, की तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे उलटंही व्हायचं. आबांना दवाखान्यात तपासून आणायला ती गेली, तेव्हा सिस्टिम स्वतःच्या हातानं चालू करून गेली होती. परत येऊन दार उघडलं तर पॅनेलवर हिरवा दिवा. बंद. दिसायला घरातली काडी हललेली नव्हती. तरी तिनं आबांना बाहेरच उभं केलं आणि लाटणं हातात घेऊन एकेक खोली, पलंगाखालची जागा, गच्चीचा जिना बघून आली.

हनुवटी कापली त्या दिवशी विश्वजितचा फोन आला.

“मी ॲपमध्ये मागचं सगळं काढून बघितलंय,” तो म्हणाला. “सेन्सर खराब न्हाय. सिस्टिम कुणीतरी मुद्दाम चालू करालंय आणि बंद करालंय. ‘रिमोटनं चालू’, ‘रिमोटनं बंद’, असं सरळ लिहून येतंय. तुझा रिमोट?”

“माझ्याजवळच असतो की.”

“आबांचा?”

“खुंटीला. ते हात लावत न्हाईत त्याला.”

“आणि तिसरा? कपाटात ठेव म्हणलेलो तो?”

तेजस्वीनं फोन दुसऱ्या कानाला लावला. समोर आबा हनुवटीला कापूस लावून बसले होते. त्यांनी मान वर केली.

“तेजस्वी, तिसरा रिमोट कुठं हाय?”

“आदर्श भावजींच्याकडं,” ती म्हणाली. “मीच दिलाय. घराची किल्लीपण. आबांना रात्रीअपरात्री काय झालं तर कुणीतरी आत येऊ शकायला पायजे. तुम्ही मस्कतातनं येणार हाय काय?”

आदर्श म्हणजे विश्वजितचा धाकटा भाऊ. तीन वर्षांपूर्वी त्यानं रक्षिताशी लग्न केलं, लिंगायताच्या मुलीशी, दोन्ही घरांचा विरोध पत्करून. विश्वजितनं त्याला याच हॉलमध्ये, सगळ्यांदेखत, ‘ह्या घरात पाय ठेवू नको’ म्हणून सांगितलं होतं. आबा तेव्हा काहीच बोलले नव्हते. आदर्श हातकणंगल्याला राहायचा, तिथल्या एका खाजगी डेअरीत सुपरवायझर होता. विश्वजित परदेशी गेल्यापासून तो अधूनमधून आबांना भेटून जायचा. आल्यासारखा यायचा नि गेल्यासारखा जायचा.

“मग झालं तर,” विश्वजित म्हणाला. “आणि काय पुरावा पायजे तुला? मला त्रास द्यायचा म्हणून करालाय त्यो. उद्या कुलूप बदल. रिमोट दिला न्हाय तर मी पोलिसात कळवतो.”

“अहो, सख्खा भाऊ हाय तुमचा.”

“म्हणूनच सांगतोय.”

फोन बंद झाला. आबांना पलीकडचं बोलणं ऐकू गेलं होतं की नाही, कोण जाणे. त्यांनी हनुवटीचा कापूस काढला, बघितला आणि मुठीत चुरगाळला.

त्यानंतर आठवडाभर तेजस्वीनं कुलूप बदललं नाही आणि आदर्शला फोनही केला नाही. मनाला पटत नव्हतं. पण एकदा पडलेला संशय घरभर फिरायला लागला होता. आदर्श मागच्या वेळी आला तो नेमका सायरन वाजलेल्या दिवशी संध्याकाळीच. त्याआधीही ती दवाखान्यातून आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी. एवढं सगळं जुळतंय म्हणजे? गेटपाशी मोटारसायकलचा आवाज झाला की ती पडद्याआडून बघायची आणि स्वतःचीच लाज वाटून मागं व्हायची.

आणि मग एका सकाळी आबा अंघोळ करून पंचा गुंडाळून हॉलमधून जात असताना सायरन पुन्हा वाजला. ते जिन्याच्या कठड्याला धरून खालीच बसले. ओठ पांढरे. तेजस्वीनं जिभेखालची गोळी दिली. आबा सावरले, श्वास नीट झाला, तसा तिनं आदर्शला फोन लावला. “आत्ताच्या आत्ता या. येताना रिमोट आणा,” एवढंच म्हणाली.

तो तासाभरात आला. डेअरीचे गमबूटसुद्धा पायात तसेच.

“आबांना काय झालंय?”

“बरे हायत आता. बसा, भावजी.” ती उभीच राहिली. किती वेळा मनात घोळवलेलं वाक्य, तरी तोंडातून नीट निघेना. “तुम्ही... हा रिमोट कधी वापरलासा काय? लांबनं, गंमत म्हणून, न्हाईतर रागानं?”

आदर्शला समजायला वेळ लागला. समजलं तसा त्याचा चेहरा लालबुंद झाला.

“मी? आबा घरात असताना मी सायरन वाजवीन?”

“ॲपमध्ये तसं दिसतंय. रिमोटनंच होतंय सगळं. माझा माझ्याजवळ असतो, आबांचा खुंटीला.”

“म्हणजे उरलो मी.” त्यानं आबांकडे बघितलं. सोफ्यावर उशीला टेकून बसलेल्या आबांनी मान खाली घातली. “तुमालापण तसंच वाटतंय, आबा?”

आबा म्हणाले, “मला काय बी वाटत न्हाय. मला खरं काय ते कळायला पायजे.”

आदर्शनं खिशातून रिमोट काढून टीपॉयवर आपटला. “हा घ्या. किल्लीपण घ्या. दादाला सांगा, न्हाय ठेवत इथं पाय.” आणि तो दाराकडे निघाला. तेजस्वीनं, का कुणास ठाऊक, स्वतःचा रिमोट जुडग्यातून सोडवून त्याच्याशेजारी ठेवला. खुंटीवरचा आणून तोही ठेवला. तिन्ही एका ओळीत. “थांबा भावजी, जाऊ नका,” असं ती म्हणणार, तेवढ्यात भिंतीवरच्या पॅनेलनं ‘टूँक’ केलं आणि त्यातली बाई नेहमीच्या गोड आवाजात म्हणाली, “सिस्टिम आर्म्ड.”

हिरवा दिवा लाल झाला. अलार्म चालू.

कुणी जागचं हललं नाही. हलायचीच चोरी होती. कोपऱ्यातला डोळा जागा झाला होता आणि आबा बरोबर त्याच्यासमोर बसले होते. आदर्शचा हात दाराच्या कडीवर तसाच. तेजस्वी टीपॉयपासून हातभर अंतरावर. तिन्ही रिमोट समोर, आणि एकालाही कुणाचा हात लागलेला नाही. तिच्या मानेवरून घामाचा ओघळ उतरला. मग कुणाचा? कोण बघतंय आपल्याकडे? कुठून?

“आबा,” ती कुजबुजली, “हलू नका. श्वास तेवढा घ्या.”

तिनं इंचाइंचानं हात पुढं नेला. कोपऱ्यात डोळ्याचा लाल ठिपका लुकलुकला. तिनं झडप घालून बटण दाबलं. “सिस्टिम डिसआर्म्ड.” आबांनी डोळे मिटले.

“बघितलासा?” आदर्शनं कडीवरचा हात काढला. “आता कोण हुतं?”

तेजस्वी उत्तर द्यायला थांबली नाही. ज्यानं बटण दाबलं तो लांब गेलेला नसणार. ती जिना चढून बाल्कनीत धावली. गल्ली डावीकडं रिकामी. उजवीकडं भाजीची गाडी पुढं सरकत होती. समोर एका घराचं फाटक ओढून घेत होती राजनंदिनी, कॉलेजात शिकवणारी, सहा महिन्यांपूर्वी राहायला आलेली. खांद्याला पर्स, डोक्यावर हेल्मेट. तिनं किल्ल्यांचा जुडगा पर्समध्ये टाकला आणि मोपेडला बटण मारलं. त्या जुडग्यात काहीतरी काळं, चार बटणांचं लटकत होतं, अगदी तिच्या रिमोटसारखं.

“राजनंदिनीताई! थांबा! जाऊ नका!”

ती इतक्या जोरात ओरडली की भाजीवालाही थांबला.

खाली येऊन धापा टाकत तिनं विचारलं, “तुमच्याकडं पण अलार्म हाय?”

“हाय की. तुमचं बघूनच बसवला. त्याच माणसाकडनं, त्याच दिवशी त्यानं दोन्ही घरं केली. काय झालं?”

“आत्ता निघताना तुम्ही तो चालू केलासा?”

“बाहेर पडले की करतेच. कधी आतनं, कधी असं फाटकातनं. आज सकाळी दुधाला जातानापण फाटकातनंच केलता.” राजनंदिनी घड्याळाकडे बघत होती. “तेजस्वी, माझं लेक्चर हाय ओ.”

“दोनच मिनिटं. तेवढं बटण परत दाबा. बंदचं.”

राजनंदिनीनं कपाळाला आठी घालत बटण दाबलं. समोरच्या खिडकीतून आदर्श ओरडला, “मशीनमधली बाई बंद झालं म्हणाली!”

“आता चालूचं.”

“वहिनी, लाल दिवा! चालू झालं!” सायरन वाजायच्या आत तेजस्वीनं तिला पुन्हा बंदचं दाबायला लावलं.

राजनंदिनीनं हातातल्या रिमोटकडे असं बघितलं, जणू तो गरम झाला होता. तिनं हेल्मेट काढलं. “म्हणजे मी घरी आले की तुमचं घर उघडं, आणि मी निघाले की...” ती आदर्शमागं खिडकीत आलेल्या आबांच्या चिकटपट्टी लावलेल्या हनुवटीकडे बघून बोलायची थांबली. “ते आवाज... मी हेल्मेट घालून निघालेली असायचे. मला कधी ऐकूच आले न्हाईत, बघा.”

त्या दिवशी तिनं लेक्चर सोडलं. बसवणाऱ्या माणसाला फोन लावला तेव्हा तो आधी उडवाउडवी करायला लागला. राजनंदिनीनं वर्गातला आवाज काढल्यावर कबूल झाला. दोन्ही पॅनेल एकाच टेबलावर मांडून रिमोट जोडले होते. तेव्हा एक रिमोट दोन्हींना जोडला गेला असणार. तेजस्वीनं माहितीपुस्तक उघडलं, पॅनेलमधले सगळे रिमोट पुसून टाकले आणि आपले तीन एकेक करून नव्यानं जोडले. मग राजनंदिनी आपल्या फाटकात उभी राहून बटणं दाबत राहिली. इकडं पॅनेल मुकं. तरी तेजस्वीनं तिला आणखी दहादा दाबायला लावलं.

दुपारी विश्वजितचा फोन आला. तिनं तो स्पीकरवर टाकून सगळं सांगितलं. 

“बरं झालं सापडलं,” तो म्हणाला. “बाकी मग बोलू.”

आदर्श किल्ली टीपॉयवर तशीच ठेवून उठला. तेव्हा आबांनी फोन ओढून घेतला.

“विश्वजित, बाकी मग न्हाय. आत्ता. धाकट्यावर पोलीस घालतो म्हणलास, मी ऐकलंय. तीन वर्षांमागं घराबाहेर काढलास, तेव्हा मी बसून ऐकलो. ती माझी चूक. पण आता बसून ऐकायचा न्हाय. त्यो इथं उभा हाय. बोल त्याच्याशी.”

फोनमधून आवाज आला. “आदर्श... चुकलं माझं.”

आदर्श व्हरांड्यात जाऊन बूट चढवायला लागला. तेजस्वी मागोमाग गेली.

“भावजी, संशय मलापण आलता.”

“माहीत हाय.” त्यानं वर बघितलं नाही. “तुम्ही तोंडावर विचारलासा, त्याचं काय न्हाय वहिनी. आठ दिवस न विचारता बसलासा, त्याचं वाईट वाटलं.”

मोटारसायकल गल्लीच्या टोकाला दिसेनाशी होईपर्यंत ती फाटकात उभी राहिली.

पंधरवडाभर तो आला नाही. तेजस्वी रोज फोन करायची. तो आबांची गोळ्या-औषधं विचारायचा आणि ठेवून द्यायचा. पुढच्या रविवारी आबांनी इस्त्रीची पँट मागितली आणि मला हातकणंगल्याला सोड म्हणाले. तेजस्वी त्यांना रिक्षानं घेऊन गेली. दार रक्षितानं उघडलं. ती सासऱ्याला पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होती. पदर सावरावा की पाया पडावं, या गोंधळात ती नुसतीच उभी राहिली.

“आत येऊ काय?” आबांनी विचारलं.

आतून आदर्शचा आवाज आला, “कोण हाय गं?”

रक्षिता बाजूला झाली आणि म्हणाली, “आबा आल्यात. या आबा, उंबरा जरा उंच हाय, जपून या.”