संपतरावांची वॉटरप्रूफ चड्डी

पूर्णिमाने चड्डीचा बुडाकडचा भाग दोन्ही हातांनी खोलगट धरला आणि समर्थला म्हणाली, "ओता."

समर्थने बाटलीतलं निम्मं पाणी त्यात ओतलं. चड्डीत छोटंसं तळं साचलं, पण खाली काउंटरवर पसरलेल्या वर्तमानपत्रावर थेंबही पडला नाही.

"पटलं? आता ते पाणी बाटलीत परत घ्या. दुकान पुसायला मी एकटीच आहे."

सदाशिव पेठेतलं हे सायकलचं दुकान पूर्णिमाच्या वडिलांचं. आता ते तीच चालवत होती, आणि गिऱ्हाइकाला दोन शब्द सुनावल्याशिवाय माल द्यायचा नाही ही वडिलांची रीत तिने मनापासून सांभाळली होती. समोर चौघं उभे होते. तनुजा, आयटीतली, रविवारी डोंगरात सायकली घालणाऱ्या ग्रुपची म्होरकी. समर्थ, नवाकोरा डेंटिस्ट. आणि धायरीचे दोन म्हातारे, संपतराव आणि रतन. मागच्या रविवारी डोंगरात सकाळभर भिजून सगळ्यांच्या मांड्यांची सालटी निघाली होती, तेव्हा तनुजाने फर्मान काढलं की आता प्रत्येकाने वॉटरप्रूफ चड्डी घ्यायची. नको म्हणायचं कुणालाच कारण नव्हतं.

कारण होतं फक्त संपतरावांना, आणि ते सांगण्यासारखं नव्हतं.

दिवाळीनंतर त्यांच्या प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं होतं. लोकांना त्यांनी मुतखडा सांगितला, कारण मुतखडा कसा, चारचौघांत सांगता येतो. ऑपरेशन उत्तम झालं, पण लघवीवरचा ताबा गेला. खोकला आला, हसू आलं, सायकल दगडावरून आदळली, की थोडी सुटायचीच. हळूहळू थांबेल, असं डॉक्टर म्हणाले होते. ती काही थांबली नाही. संपतरावांचं लग्नाकार्याला जाणं, भजनाला बसणं, कुणाच्या सोफ्यावर टेकणं मात्र बंद झालं. उभ्या आयुष्यात कचेरीत कारकुनी करताना ज्यांच्या टेबलावर शाईचा डाग दिसला नाही, ते आता खुर्चीवरून उठले की आधी खुर्चीकडे बघायचे. त्यांची बायको शालू त्यांच्या पँटी मागच्या बाल्कनीत वाळत घालायची आणि चकार शब्द काढायची नाही. तिच्या या गप्प राहण्याचीच त्यांना जास्त लाज वाटायची.

उरली होती ती पावसातली सायकल. पावसात सगळेच चिखलाने माखलेले, सगळेच कमरेखाली निथळणारे. कुणाच्या चड्डीतून काय गळतंय हे कोण बघतो? तेवढा वेळ संपतराव पूर्वीचे संपतराव असायचे, खदखदून हसायचे, रतनला मनमुराद शिव्या घालायचे. आणि आता ही तनुजा सगळ्यांना कोरडं करायला निघाली होती. सगळे कोरडे झाले की ओला कोण, हे शेंबडं पोरही सांगेल.

"हिच्या शिवणी आतून चिकटपट्टी लावून बंद केल्यात," पूर्णिमा सांगत होती. "पाणी शिरतं ते शिवणीतून. ही दुसरी स्वस्त आहे, पण हिला फक्त मागे वॉटरप्रूफ कापड आहे. मागच्या चाकाचा चिखल अडेल, वरचा पाऊस नाही. तक्रार घेऊन परत यायची हौस असेल तर ही घ्या."

संपतरावांनी काळ्या चड्डीचं कापड बोटांत धरून पाहिलं. मघाचं तळं त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. एक वेडी आशा मनात आली, आणि पुरता विचार करायच्या आत तोंडातून प्रश्न निघून गेला.

"म्हणजे आतलं पाणीही बाहेर येणार नाही ना?"

समर्थ फिस्सकन हसला. "आतलं पाणी कुठलं, काका?"

तनुजाने ओढणी तोंडाला लावली. रतन तर काउंटरवर हात मारून हसला. पूर्णिमा तेवढी हसली नाही. तिने संपतरावांकडे नीट निरखून पाहिलं, आणि त्या हसण्यापेक्षा हे पाहणं वाईट होतं.

"घामाचं... घामाचं विचारतोय मी," असं त्यांना म्हणायचं होतं. पण त्याआधीच नकळत त्यांनी हातातली कापडी पिशवी पँटसमोर धरली. धरली आणि लगेच कळलं की हे करायला नको होतं. सगळ्यांची नजर पिशवीवर गेली होती. धरणीने पोटात घ्यावं असं त्यांना झालं.

रतनचं हसू मध्येच विरलं.

"आरं, त्याच्याकडं काय बघताय," तो म्हणाला. "मीच त्याला इचाराय लावलं. मला हाय तसला तरास. मोटरीचा जसा वायसर जातो, तसा माझा गेलाय."

रतनने जन्मभर धायरीत पाण्याच्या मोटरी दुरुस्त केल्या होत्या, त्यामुळे हे अगदी त्याच्याच तोंडी शोभेल असं होतं. आता हसायचं कुणाला सुचेना. "सॉरी काका," तनुजा पुटपुटली.

पूर्णिमा रतनकडे वळली. "मग आपण नीट ऐका. कापड दोन्हीकडून अडवतं, पण पायाच्या घेरातून ओघळणारच. म्हणून आत जाड अस्तराची वेगळी चड्डी घाला, आणखी एक बदलायला जवळ ठेवा. रंग काळाच घ्या. कंबर ढिली असू द्या, पोटावर दाब आला की जास्त होतं. आणि लाजू नका. माझ्याकडे पुष्कळ जण येतात. सगळे मित्रासाठीच विचारतात."

रतन मान डोलवत होता. संपतराव भिंतीवर टांगलेल्या टायरांकडे बघत एकेक शब्द कानांत साठवत होते. त्यांनी काळी, ढिली चड्डी घेतली. रतननेही तीच घेतली.

बाहेर आल्यावर, बाकीचे दोघं गेल्यावर, संपतरावांनी विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? आपरेशन झाल्यापास्नं तू माझ्या गाडीवर मागं बसला न्हाईस. मला वाटायचं, माझ्यावर रुसलाय. आज उलगडा झाला."

"आणि तू कशाला अंगावर घेतलंस?"

"मला काय फरक पडतोय? माझं काय आता लगीन ठरायचंय?"

संपतरावांना त्याचा हात धरावासा वाटला, पण धरला नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांच्या मनात मित्राविषयी माया कमी आणि सुटलो एकदाचा, ही भावना जास्त होती. रात्रभर त्यांना तेच टोचत राहिलं.

रविवारी खानापूरच्या पुढे डोंगरवाटेला पावसाने झोडपून काढलं. नव्या चड्ड्या नावाजण्यासारख्या निघाल्या. चढावर रतन पुढे होता, थोडा वाकडा बसून पायडल मारत होता, तशी त्याची जुनी सवयच होती. समर्थ मागून संपतरावांच्या बरोबरीला आला आणि हळूच म्हणाला, "काका, रतनकाकांच्या मागे नका राहू. एक पाऊस वरून, एक पुढून."

संपतराव हसले. हसायला नको होतं, पण हसले. आणि हसल्याबरोबर त्यांची थोडी सुटली.

पुढचा सगळा चढ त्यांनी मान वर केली नाही. पोराचं काही चुकलं नव्हतं, त्याला कुठे काय ठाऊक होतं. ठाऊक असून हसणारा माणूस एकच होता, आणि तो मेल्याहून मेल्यासारखा होऊन सायकल ढकलत होता.

उतारावर पाऊस थांबला. कांताबाईंच्या चहाच्या टपरीपाशी सगळ्यांनी सायकली टेकवल्या. एरवी निथळत उभ्यानेच चहा व्हायचा. आज चड्ड्या फडक्याने पुसल्या की कोरड्या, त्यामुळे सगळ्यांनी ऐटीत प्लास्टिकच्या खुर्च्या ओढल्या. तनुजाने आपल्या सॅकमधून एक प्लास्टिकची पिशवी काढली, फाडून मोठी केली आणि एका खुर्चीवर नीट पसरली.

"रतनकाका, तुम्ही इथे बसा हं," आजारी माणसाशी बोलावं तशा आवाजात ती म्हणाली.

मनात काही वाईट नव्हतं बिचारीच्या. रतनही "बेस झालं" म्हणत बसला. पण संपतराव त्याच्या शेजारीच होते, म्हणून त्यांना दिसलं. रतनने इकडेतिकडे पाहिलं, आणि खुर्चीच्या कडेने बाहेर आलेली पिशवीची टोकं एकेक करून गुपचूप मांडीखाली सारली. शेजारच्या बाकावर गावातली ओळखीची दोन माणसं बसली होती. त्यांना ती पिशवी दिसू नये म्हणून रतनने त्यांच्याकडे पाठ केली.

फरक पडत होता.

संपतराव उठले.

"रतन, ऊठ."

"का रं? बस की."

"ऊठ. ती खुर्ची माझी आहे."

रतन त्यांच्याकडे बघत राहिला. त्याने डोळ्यांनी नको म्हणून सांगितलं, संपतरावांनी मान हलवली. मग तो उठला. संपतराव सगळ्यांदेखत त्या पिशवीवर बसले. प्लास्टिक चांगलंच वाजलं. समर्थची मान छातीपर्यंत खाली गेली, आणि तनुजाला हातातली सॅक कुठे ठेवावी ते कळेना.

रतन त्यांच्या मोकळ्या खुर्चीत बसला, अगदी जवळ सरकून.

कांताबाई किटली घेऊन आल्या. "साखर कशी घालू?" त्यांनी विचारलं.

"बेताची," संपतराव म्हणाले, आणि ग्लास घ्यायला त्यांनी दोन्ही हात पुढे केले.