चौदा नंबरचा पाना

दसऱ्याच्या सकाळी पावणेनऊ वाजता सहदेवमास्तरांनी गाडीची किल्ली फिरवली आणि बॉनेटच्या फटीतून झेंडूच्या पाकळ्या उडाल्या. मग फाट् असा आवाज झाला. मास्तरांनी किल्ली उलटी फिरवली आणि हात स्टिअरिंगवर ठेवले.

शेजारच्या सीटवर त्यांच्या पत्नी विमलाबाई मांडीवर पुरणाचा डबा घेऊन बसल्या होत्या. त्यांनी काचेवरची एक पाकळी पाहिली.

"हार इंजिनावर ठेवला होतात ना?" त्या म्हणाल्या.

मास्तरांनी बॉनेटची कळ ओढली.

हार इंजिनावरच होता. बाकीचं जग गाडीला हार बाहेरून घालतं. मास्तरांचं म्हणणं, पूजा यंत्राची असते, पत्र्याची नाही. एकतीस वर्षं त्यांनी कळव्याजवळच्या एका कारखान्यात नव्या पोरांना फिटरचं काम शिकवलं होतं, आणि तिथेही ते दसऱ्याला लेथच्या पत्र्यावर नाही, थेट काम पकडून फिरवणाऱ्या चकवर फूल ठेवत. चालू करायच्या आधी मात्र काढून घेत. यंत्रावर काही राहिलेलं नाही ना, हे बघितल्याशिवाय बटण दाबायचं नाही, हा त्यांच्या शिकवणीचा पहिला धडा होता. तो न पाळणाऱ्याला ते दिवसभर झाडू मारायला लावत. शिवाय या वर्षी दोरा तुटू नये म्हणून त्यांनी हार नायलॉनच्या दोरीत ओवला होता.

ते उतरले, बॉनेट उघडलं आणि बघत राहिले. नायलॉनची दोरी चाकात गुंतली होती आणि रबरी पट्टा अर्ध्या रुंदीत फाटून खाली लोंबत होता.

हा पट्टा काय करतो ते सोपं आहे. इंजिन फिरलं की त्याच्या टोकाचं चाक फिरतं. त्या चाकावरून पट्टा आणखी दोन चाकांवर जातो. एक चाक पाण्याचा पंप फिरवतं, दुसरं बॅटरी भरणारा डायनमो. पट्टा नसला तरी गाडी सुरू होते, पण इंजिनाला थंड ठेवणारं पाणी फिरत नाही, आणि मुंब्र्यापर्यंत पोचायच्या आत ते तापून बंद पडतं. गाडीत पाणी कितीही असलं तरी त्याचा उपयोग नसतो.

आणि गाडीत पाणी बरंच होतं. वीस लिटरचे आठ कॅन, तीन डिकीत आणि पाच मागच्या सीटवर.

हे पाणी मुंब्र्यापुढच्या दिव्याला जायचं होतं. मास्तरांची लेक शुभदा हिने दिव्यात घर घेतलं होतं आणि आज अकरा वाजता वास्तुशांत होती. गुरुजींना दसऱ्याला पाच घरं होती, ते थांबणारे नव्हते. इमारत नवी, पाण्याची जोडणी अजून झाली नव्हती. दोन वर्षांपूर्वी शुभदाने घर नोंदवलं तेव्हा मास्तर जेवता जेवता म्हणाले होते, की दिव्यात घर घेणं म्हणजे बादली विकत घेऊन तिच्याभोवती भिंती बांधणं. शुभदा ताटावरून उठली नव्हती, पण त्यानंतर घराबद्दल बोललीही नव्हती. मास्तरांनी ते घर अजून पाहिलं नव्हतं. आठ दिवसांपूर्वी तिचा आईला फोन आला, टँकरचं विचारत होती. मास्तरांनी फोन हातात घेतला आणि म्हणाले, "टँकर नको सांगू. पाणी मी आणतो."

ती म्हणाली, "बाबा, नक्की?"

तो शब्द मास्तरांच्या डोक्यात आठ दिवस बसून होता. आज पाणी पोचलं नाही तर हाराची आणि पट्ट्याची गोष्ट कुणी ऐकणार नव्हतं. बापाने आपलं खरं करून दाखवलं, एवढंच लेकीला कळणार होतं.

विमलाबाई नाक्यावर जाऊन आल्या. रिक्षा सगळ्या धुऊन रांगेत उभ्या होत्या आणि चालक पूजेत होते. एकाने कॅन किती म्हणून विचारलं, आठ ऐकलं, आणि तो पुन्हा अगरबत्ती ओवाळू लागला. गॅरेजवाल्याचं शटर खाली होतं, त्यालाही हार होता.

"नवा पट्टा आहे ना तुमच्याकडे?" विमलाबाईंनी विचारलं.

पट्टा होता. मास्तर प्रत्येक गोष्टीचा जोड ठेवणारे. तो डिकीच्या तळाशी होता, तीन कॅनच्या खाली.

"मग लावा."

"कशाने?" मास्तर म्हणाले.

हा प्रश्न बरोबर होता. आदल्या दिवशी खंडेनवमी झाली होती. घरातली सगळी हत्यारं देवघरासमोर पाटावर मांडलेली होती. पाने, पक्कड, हातोडी, पहार, आणि त्यांच्या शेजारी विमलाबाईंची विळी आणि दोन सुऱ्या. प्रत्येकावर हळद-कुंकू आणि एकेक फूल. संध्याकाळी सोनं वाटून झाल्याशिवाय त्यातलं काही उचलायचं नाही, हा मास्तरांचा नियम. तो त्यांनी कारखान्यात काही शे पोरांना सांगितला होता. जो माणूस वर्षातून एक दिवस हत्याराला विश्रांती देत नाही, त्याला हत्यार कधीतरी सक्तीची विश्रांती देतं, असं ते म्हणत, आणि आपलं डाव्या हाताचं अर्धं बोट दाखवत. ते बोट लहानपणी दारात सापडलं होतं, पण पोरांना ते माहीत नव्हतं.

ते घरात गेले. पाटासमोर उभे राहिले. विमलाबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"लेकीसाठी एक पाना उचललात तर देव काही म्हणणार नाही," त्या म्हणाल्या.

"देव नाही म्हणणार," मास्तर म्हणाले.

त्यांनी हात पुढे केला. रिंग पान्यांची रांग आठपासून बावीसपर्यंत होती आणि मध्ये एक जागा रिकामी होती. त्या जागेवरही एक फूल होतं, मास्तर दर वर्षी ठेवत. चौदा नंबरचा पाना सहा वर्षांपूर्वी तळमजल्यावरच्या कॉस्मासने नेला होता, आणि पट्टा ताणून धरणाऱ्या डायनमोचे दोन्ही बोल्ट चौदा नंबरचे होते.

मास्तरांनी हात मागे घेतला.

"खाली जाऊन येतो," ते म्हणाले.

कॉस्मास त्यांच्याच कारखान्यात होता, मेंटेनन्सला. दोघे एकाच वर्षी लागले आणि एकाच वर्षी सुटले. सहा वर्षं दोघे रोज जिन्यात बोलत, पाणी, निवडणूक, गुडघे, सगळ्यावर. पाना सोडून. मास्तरांनी मागितला नव्हता, कारण दिलेली वस्तू मागायची नसते. आणि आज सणाच्या दिवशी त्यांना त्याच्याच दारात जाऊन पाना मागायचा होता.

कॉस्मासने सगळं ऐकून घेतलं. मग तो बाजूला झाला आणि त्याने आत बोट दाखवलं. भिंतीवर येशूची तसबीर होती, खाली स्टुलावर त्याची हत्यारांची पेटी उघडी होती, आणि पेटीत प्रत्येक पान्यावर झेंडूचं फूल होतं.

"तू कधीपासून?" मास्तरांनी विचारलं.

"कारखान्यात एकतीस वर्षं केलं. घरी नाही केलं तर हात शिवशिवतात," कॉस्मास म्हणाला आणि त्याने स्वयंपाकघरातल्या बायकोकडे मान वळवली. "थेल्माने फादरना विचारलं. फादर म्हणाले, फुलं ठेवायला काय हरकत आहे."

"म्हणजे तूही उचलणार नाहीस."

"तूच शिकवलंस, मास्तर. आता बोट दाखवू नकोस, ते दारात सापडलेलं, तुझ्या आईने मला सांगितलेलं."

कॉस्मास स्वयंपाकघरात गेला. आत खिडकी धाडकन आपटली आणि थेल्माचा आवाज आला. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात चौदा नंबरचा पाना होता. त्याला मसाल्याचा वास येत होता.

"खिडकी वाऱ्याने आपटते, तिला लावलेला," तो म्हणाला. "दोनदा परत द्यायला आलेलो मी. तू नव्हतास. मग इतके दिवस झाले की लाज वाटायला लागली."

"हा पूजेला नाही लावलास?"

"माझा नाही ना तो. स्टोअरमधून काढलेला माल पूजेला लावायचा नाही, आपलं स्वतःचं हत्यार तेवढं लावायचं. कोण सांगायचं?"

मास्तर सांगायचे. त्यांनी पाना हातात घेऊन उलटसुलट केला. आपल्या पाटावर या पान्याच्या जागी फूल ठेवलंय, असं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. कॉस्मासने विचार केला.

"जागेची पूजा झाली," तो म्हणाला. "जागा उचलू नकोस."

साडेनऊ वाजले होते. कॉस्मासने डिकीतले कॅन उतरवले आणि खालून पट्ट्याचा खोका काढला. चाकातली नायलॉनची दोरी कापायला सुरी चालणार नव्हती, म्हणून विमलाबाईंनी नेलकटर आणून दिला. दोघा निवृत्त माणसांनी आळीपाळीने ती दोरी तुकड्या-तुकड्याने कातरली. त्याला वीस मिनिटं गेली. मग मास्तरांनी डायनमोचे दोन बोल्ट सैल केले, डायनमो इंजिनाकडे ढकलला, फाटका पट्टा काढला आणि नवा तिन्ही चाकांवर चढवला. पट्ट्याच्या आतल्या रेघा चाकाच्या खाचांत बसल्या की नाही हे त्यांनी बोट फिरवून तपासलं.

आता डायनमो मागे खेचून धरायला पहार हवी होती. पहार पाटावर होती.

विमलाबाई वर गेल्या आणि लाटणं घेऊन आल्या.

"याची पूजा?" मास्तरांनी विचारलं.

"लाटण्याची पूजा कुणी करत नाही," विमलाबाई म्हणाल्या. "त्याला सुट्टीच नसते."

कॉस्मासने लाटण्याने डायनमो रेटून धरला, मास्तरांनी बोल्ट आवळले. मग मास्तरांनी पट्ट्याच्या मधोमध अंगठा दाबला. पट्टा बोटभर दबला, ना जास्त ना कमी. त्यांनी सवयीने मागे वळून कुणाला समजलं का ते पाहिलं. मागे फक्त विमलाबाई होत्या आणि त्या घड्याळ बघत होत्या.

गाडी चालू करण्याआधी मास्तरांनी पाना, लाटणं आणि नेलकटर मोठ्याने मोजलं. पाना खिशात टाकला. किल्ली फिरवली. काहीही उडालं नाही.

बायपास आणि शीळ फाटा करून ते दिव्याला पोचले तेव्हा अकरा वाजून पंधरा मिनिटं झाली होती. घर तिसऱ्या मजल्यावर होतं. पूजा मांडलेली होती, कलश रिकामा होता, आणि गुरुजी पिशवी आवरून मांडीवर घेऊन बसले होते. बाटलीतल्या पाण्याने कलश भरू, असं त्यांनी तीनदा सुचवल्याचं नंतर कळलं. शुभदाने तिन्ही वेळा एकच उत्तर दिलं होतं. बाबा पाणी घेऊन निघालेत.

ती दारात आली. तिने बापाचे काळे हात पाहिले.

"काय तुटलं?"

"पट्टा," मास्तर म्हणाले.

"हार इंजिनावर?"

मास्तरांनी मान हलवली. तिने पहिला कॅन उचलून आत नेला, कलश भरला आणि गुरुजींना सुरू करा म्हणाली. मग तांब्या घेऊन ती बापाला मोरीत घेऊन गेली. मास्तरांनी सवयीने नळ फिरवला. नळ कोरडा होता. त्यांनी तो पुन्हा नीट बंद केला आणि हात पुढे केले. ती थोडं थोडं पाणी ओतत राहिली.

"रविवारी आणखी आठ आणतो," ते हात चोळत म्हणाले.

"टँकर सांगितलाय, बाबा."

"तो येईल तेव्हा येईल."

तिने उरलेलं पाणी त्यांच्या मनगटावर ओतलं. तेवढ्यात स्वयंपाकघराची खिडकी वाऱ्याने धाडकन आपटली. मंत्र म्हणता म्हणता गुरुजी दचकले. शुभदा म्हणाली, नवी आहे, कडीच नाही तिला, दिवसभर असंच चाललंय.

मास्तरांनी हात पुसले, आत गेले, खिशातून पाना काढला आणि खिडकीच्या फटीत घट्ट बसवला. खिडकी हलली नाही. हे काम चौदा नंबरच्या पान्याला चांगलं जमतं, हे तळमजल्यावर सहा वर्षं सिद्ध झालेलं होतं.