लिंबाचं रगत

शाळेच्या दारात चिरलेल्या लिंबातून रगत ठिबकलं, तेव्हा अर्ध्या गावानं हात जोडले आणि उरलेल्या अर्ध्यानं पोरं घरी नेली. चंद्रम्मानं तर लेकीचं, सुधारानीचं, दप्तरच माळ्यावर टाकलं.

लिंबू चिरणारा हा लिंबूअप्पा नावाचा महाराज आळंदकडून आलेला. त्याचं म्हणणं असं, की शाळेतल्या पंचशीलाबाईंचा प्रोजेक्टर पोरांचं रक्त शोषतो. त्यात ज्वालामुखी दिसतो, दिल्ली दिसते, माणसाचं आतडं दिसतं. जित्या माणसानं बघायचं हे नव्हेच. यंत्र हटवा, बाईची बदली करा. भर चौकात तो बाईंना हडळ म्हणाला. शाळा समितीच्या भीमण्णांनी घाबरून प्रोजेक्टर कुलपात घातला.

बाई भांडल्या नाहीत.

मग एक दिवस त्यांनी भीमण्णांना विनवलं, की अप्पांनीच शाळेत साऱ्या गावादेखत यंत्रातलं भूत काढावं. अप्पा फुगला. जास्वंदीनं भरलेलं नेहमीचं ताट, सुरी आणि टोपलीभर लिंबं घेऊन आला. बाईंनी त्याला खुर्ची दिली, शाल दिली, आणि प्रोजेक्टरला जोडलेला मोबाईल त्याच्या हातांवर रोखला. भिंतीवर अप्पाचा अंगठा रेड्याच्या शिंगाएवढा झाला.

"बघ हडळी, तुझ्या भुताचं रगत." त्यानं लिंबू चिरलं. लालभडक. बाया रडायला लागल्या.

"आता हेच सावकाश बघू," बाई म्हणाल्या आणि मोबाईलनं टिपलेलं मागं नेलं. भिंतीवर सुरी पहिल्यापासून निघाली. आधी ताटात शिरली, फुलं कुस्करली, दोन्ही अंगांनी माखली, मग लिंबाकडं वळली.

"पोरांच्या विज्ञानात हे आहे, अप्पा. जास्वंदीचा रस आंबटाला लागला की लाल होतो. आता सुरी धुऊन चिरा."

"देवी निजली आता."

चंद्रम्मा पुढं आली. "कामून निजली? माझी पोरगी घरी बसवलीस तवा जागी होती न्हवं? चिर."

त्यानं सुरी धुऊन चिरलं. नुसता रस.

बाईंनी त्याला उठू दिलं नाही. भीमण्णांनी मान खाली घालून दार अडवलं. टोपलीतलं एकेक लिंबू अप्पाकडून चिरून घेतलं, पिळून घेतलं, पाण्यात साखर ढवळून घेतली. आणि त्याचे हात भिंतीवर साऱ्या गावाला मोठे दिसत राहिले. पहिला पेला बाईंनी त्यालाच दिला.

"प्या की, अप्पा. हडळीच्या हातचं न्हाई, तुमच्याच हातचं हाय."

दुसऱ्या दिवशी सुधारानी शाळेत होती, अप्पा कुठं होता देव जाणे.

गोष्टी सांगताना थापा मीही मारतो. पण माझी थाप ऐकून कुणी लेकरू घरी बसवलं, तर मलाही त्याच खुर्चीत बसवा. आणि कुणीही चमत्कार दाखवला, तर हात जोडायच्या आधी त्याला सुरी धुवायला सांगा.