साठवणीच्या गॅसवरचा एकमेव आक्षेप

सासऱ्यांनी आक्षेप नोंदवला आणि जावयाच्या तोंडचं पाणी पळालं.

जावई गॅस नियामक मंडळात दर ठरवायचा. या खेपेचा मसुदा साधा होता. गावोगावी गॅस नेणाऱ्या मोठ्या नळात शिरताना गॅस एकदा भाडं भरतो. तोच साठवणटाकीत जाऊन परत आला, तर त्याला पुन्हा पूर्ण भाडं लावू नये, पन्नास टक्के सूट द्यावी. सहा महिने घासलेला मसुदा! अख्ख्या जनतेतून एकच हरकत आली आणि तीही त्याच्याच घरातून. निवृत्त मीटर वाचक असलेल्या सासऱ्यांनी विचारलं होतं, सूट शंभर टक्के का नाही?

सुनावणीपर्यंत आक्षेपकाशी बोलायचं नाही, बोललात तर नोंदवहीत लिहायचं, हा मंडळाचा नियम. एक शब्द लिहायचा राहिला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. जावई सरळमार्गी, त्यातून भित्रा. तो वही घरीच घेऊन आला.

"बाबांना मीठ द्या की," बायको म्हणाली.

त्याने मीठ सरकवलं आणि तसं वहीत लिहिलं.

"अहो, मिठाचीसुद्धा नोंद?"

"सरकवणं म्हणजे संपर्क की नाही, ते नियमात स्पष्ट नाहीये."

बायकोने कपाळावर हात मारला.

सासऱ्यांना मात्र चेव चढला. "मी कुणाशी बोलत नाहीये, भिंतीला सांगतोय," ते मोठ्याने म्हणायचे. "मी फिरून परत आलो, तर दारात अर्धं भाडं भरायचं का?" नळाची दुरुस्ती फुकट होत नाही, हे जावयाच्या अगदी ओठांवर यायचं. तो ते गिळायचा आणि लिहायचा, 'आक्षेपक भिंतीशी बोलले. मला ऐकू आलं.'

महिन्याने सुनावणी झाली. अध्यक्षबाईंनी वही वाचायला सांगितली.

"नऊ तारीख, न्हाणीघर," जावई घाम पुसत वाचू लागला. "आक्षेपक बाहेरून म्हणाले, 'आत मुक्काम टाकलाय का?' मी खोकलो."

सभागृह हसून लोटपोट झालं. बाई मात्र हसल्या नाहीत. "आजोबा, पन्नास टक्के का नको?"

"चालतील की! नळाला खर्च असतो, मला का कळत नाही?"

"मग आक्षेप कशाला?"

"निवृत्त झाल्यापासून माझं कुणी ऐकतच नाही हो. या महिन्यात यांनी माझा शब्दन् शब्द लिहून घेतला. फार बरं वाटलं. पुढची तारीख द्या."

आदेश आजच निघायला हवा होता. पण जावयाला आदेशाची काळजी नाही, स्वतःची लाज वाटली. चार वर्षं एका घरात राहून तो सासऱ्यांशी बोलताना 'हं'च्या पुढे कधी गेलाच नव्हता.

"बाबा, तारीख नको. जेवणानंतर रोज अर्धा तास. मी ऐकेन."

"लेखी द्या."

बाईंनी शांतपणे आदेश सांगितला. "एक, साठवणीच्या गॅसला सूट पन्नास टक्के. दोन, आक्षेपकाला रोज अर्धा तास."

जावयाने सही केली.

"आता बोललं तर चालतं ना?" सासऱ्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता एका मीटरमागे कोंबडीने अंडी कशी घातली होती ते सांगायला सुरुवात केली.