मिठबावचे तीन दिवस

अठ्ठ्याण्णव साली, शिमगा होऊन चार दिवस झाले होते, तेव्हा आक्काताईनं घरात पहिल्यांदा समुद्राचं नाव काढलं. जोतीरामच्या घशात घास अडकला. पोरांना वाटलं, आबांना ठसका लागला.

"परीक्षा झाल्या की जायचं. चौघांनी. तीन दिस," ती म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली.

"आणि म्हशीला कोण बघणार?" धाकट्या उदयसिंहानं विचारलं. हे वाक्य त्या घरात इतकं चालायचं, की पोरगं 'आई' म्हणायला शिकल्यावर दुसरं तेच शिकलं असेल. आक्काताई सोळा वर्षं कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी चंद्री म्हैस घेऊन उभी राहायची आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत पेल्यात धार काढून द्यायची. आधी चंद्रीची आई होती, आता चंद्री. म्हशीला रविवार नाही आणि दिवाळी नाही. सकाळी पाचला आणि संध्याकाळी सहाला कास भरली, की पिळायलाच हवी. त्यामुळं लग्नकार्य निघालं तरी जोतीराम पोरांना घेऊन पुढं व्हायचा आणि बाई अक्षता टाकून पहिल्या एस.टी.नं परत. चौघं मिळून कुठं परगावी राहिलेत, असं एकदाही झालं नव्हतं.

आता एवढं वर्षानुवर्षं न सुचलेलं हिला आत्ताच का सुचलं, ते घरात फक्त जोतीरामला ठाऊक होतं.

झालं होतं ते असं. श्रावणात माश्यांना वैतागून चंद्रीनं मान उडवली आणि शिंगाचा मार आक्काताईच्या छातीला बसला. महिन्याभरानं डाव्या बाजूला खडा लागायला लागला. म्हशीच्या कासेत असा खडा धरतो, त्याला दगडी म्हणतात. दगडी बरी करण्यात आक्काताईचा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं. कुणाची म्हैस लाथा झाडायला लागली, की तिलाच बोलावणं यायचं. कोरफडीचा गर, हळद, चिमूटभर चुना, वरून मिठाच्या पाण्याचा शेक. आठ दिवसांत कास लोण्यासारखी मऊ. तिनं तेच स्वतःला केलं. रात्री सगळे झोपले की लेप लावायचा आणि पहाटे धुऊन टाकायचा. गाठ दुखत नव्हती, म्हणून तिला वाटलं, जिरतेय. म्हशीची दगडी जिरायला लागली की दुखायची थांबते ना, तसं. शिकल्यासवरल्या माणसांनी यावर हसू नये. ज्या विद्येवर तिनं घर चालवलं, तीच तिनं अंगाला लावली. दुसरी तिच्यापाशी होती कुठं?

शिमग्याच्या आदल्या दिवशी कातडी आत ओढल्यासारखी दिसली, तेव्हा कुठं तिनं नवऱ्याला सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि त्या भडकल्याच. "सहा महिने काय करत होता तुम्ही?"

"लेप लावत होतो," आक्काताई म्हणाली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, की याच आठवड्यात ऑपरेशन करू, पण गाठ काखेपर्यंत गेलीय, खात्री देता येत नाही. जोतीराम खुर्चीत बसल्याजागी मान खाली घालून रडायला लागला. उद्यमनगरात लेथवर लोखंड कातणारा गडी, पोरासारखा रडला. आक्काताई रडली नाही. तिनं तारखेसाठी घासाघीस केली, दुधाच्या गिऱ्हाइकाशी करायची तशी. पोरीची नववीची परीक्षा आहे, ती होऊ दे. मग तीन दिवस पोरांना समुद्र दाखवून आणते. मग काय कापायचं ते कापा. "उशीर तुमच्या जिवावर बेतेल," असं बजावून बाईंनी शेवटी एप्रिलची सत्तावीस तारीख दिली, सोमवारची.

वाटेत जोतीराम म्हणाला, "अगं, समुद्र काय पळून जातोय व्हय? बरी झालीस की जाऊ की."

"आणि न्हाय झालो तर?"

घरी येऊन त्यानं विनाकारण उदयसिंहाला दोन शिव्या हासडल्या.

तेव्हापासून घरात दुसरा विषयच नव्हता. गणपतीपुळ्याला सगळं कोल्हापूर लोटतं, ते आक्काताईला नको होतं. जिथं कुणी ओळखीचं भेटणार नाही, कुणी 'दूध कधी देणार' विचारणार नाही, अशी जागा तिला हवी होती. तिला पोरांकडं नुसतं बघत बसायचं होतं, आणि रडू आलं तर रडायचं होतं. जोतीरामच्या कारखान्यात ज्ञानू म्हणून कोकणातल्या मिठबावचा गडी होता. त्याच्या भावाचं घर किनाऱ्याला लागूनच होतं. पडवीशेजारची खोली मिळणार होती, जेवणाचं तेवढं द्यायचं. भाऊ म्हणे सांगत होता, किनाऱ्यावर संध्याकाळी कुत्रंसुद्धा नसतं. हे ऐकून उदयसिंहाचं तोंड पडलं आणि आक्काताईचं खुललं. गुरुवारी सकाळच्या देवगड गाडीनं गगनबावड्यावरून जायचं आणि रविवारी परत, असं ठरलं.

राहता राहिली चंद्री. ती परक्या हाताला धार देत नसे. आधी जोतीरामनं धीर केला. म्हशीला धार काढणाऱ्या बाईचं लुगडं ओळखीचं असतं, म्हणून गड्यांनी लुगडं नेसून बसायची रीत आहेच. जोतीराम भल्या पहाटे बायकोचं हिरवं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन बसला. मिशांसकट. चंद्रीनं त्याच्या हाताचा तेलाचा वास घेतला आणि अशी लाथ मारली, की बुवा लुगड्यासकट शेणात. शेजारची धोंडुबाई पोट धरून हसली. आक्काताई हसता हसता भिंतीला टेकली, आणि कितीतरी दिवसांनी नवरा-बायको दोघंही एकाच गोष्टीला मनापासून हसली. दुसऱ्या दिवशी धोंडुबाई स्वतः ते लुगडं नेसून बसली. म्हशीनं लाथ मारली नाही, पण पान्हाही सोडला नाही. तासभर कास चोळून चरवीच्या बुडाएवढंच दूध. तिसऱ्या दिवशी तेवढंही नाही.

"कासंत दूध तटलं तर हिला दगडी हुईल," धोंडुबाई म्हणाली. आक्काताईनं तिच्याकडनं चरवी घेतली आणि स्वतः धारेला बसली.

निघायच्या आदल्या दिवशी, बुधवारी पहाटे आक्काताईला जाग आली, तेव्हा उजाडायला लागलं होतं. पाच कधीच वाजून गेले होते. इतकी वर्षं एक दिवसही पाचाच्या पुढं झोप लागली नव्हती आणि आज लागली. ती धडपडत उठली. दांडीवर लुगडं नव्हतं. गोठ्यातून आवाज येत होता. भरल्या चरवीत धार पडते तेव्हाचा, जाड, फेसाचा.

दारातून तिनं पाहिलं. थोरली संयोगिता तिचं लुगडं गुंडाळून उकिडवी बसली होती. गुडघ्यांत चरवी धरून, कपाळ चंद्रीच्या पोटाला टेकवून, ती आईसारखंच तोंडातल्या तोंडात "हाय गं बाय, हाय" म्हणत होती. चंद्री डोळे मिटून रवंथ करत होती. हे पोरगी कधी शिकली? कुणी शिकवलं? आक्काताईला अभिमानानं भरून आलं.

"बघितलंस? सगळं दिलं तिनं!" संयोगितेचा चेहरा फुलून आला होता. "चार दिस झालं, तू उठायच्या आधी येऊन बसतोय मी हिच्याजवळ. आता तुमी तिघं जावा मिठबावला. मी ऱ्हातो धोंडुमावशीकडं."

"तुला सोडून कसं जायाचं गं?"

"त्यात काय हाय? मी पुढच्या साली येतो की तुझ्यासंगं." पोरीच्या हातांची लय चुकली नाही. "आणि हे बघ आई, आता तू कुठंबी जा. किती बी दिस जा. आमचं काय आडत न्हाय."

आक्काताईनं दाराची चौकट धरली. मागं मंजन करत उभ्या असलेल्या जोतीरामनं हे ऐकलं होतं. तो एकदम ओरडला, "म्हस इकतो मी! आजच इकतो! चौघं जायाचं म्हणजे चौघं!"

"गप बसा," ती म्हणाली. "लेकीच्या हाताला धार लागलीया, आणि म्हस इकतोय म्हणं."

तिला मुळात समुद्र नकोच होता. तिला दोन्ही पोरं एका खोलीत, एका अंथरुणावर, तीन रात्री आपल्या दोन्ही अंगांना हवी होती. संयूला इथं ठेवून जायचं तर मिठबावला नुसतं खारं पाणी. आणि ती जाणार नसेल, तर डॉक्टरीणबाईंशी भांडून मागून घेतलेले हे दिवस आता कशासाठी राखायचे, ते तिला कळेना.

"ज्ञानूला सांगा, येत न्हाय म्हणून," ती नवऱ्याला म्हणाली. "आणि जाता जाता दवाखान्यात इचारा. सोमवारपतोर थांबायचं काय कारन न्हाय. उद्या घेत असतील तर उद्या येतो."

जोतीरामनं तोंड फिरवलं आणि चूळ भरायचं निमित्त करून तो मोरीकडं गेला.

संयोगितेचे हात थांबले. तिनं आईकडं पाहिलं, मग बापाच्या पाठीकडं. "दवाखाना? कुणाला काय झालंय?"

आक्काताई आत आली आणि लेकीशेजारी जमिनीवर बसली.

"सांगतो," ती म्हणाली. "आधी ती चरवी बाजूला ठेव. सांडंल."